कलकत्त्यात नीट केलेली पेटी

पानाला चुना डोमनलाल तुरकर स्वतःच्याच बोटाने लावत. दुसऱ्याने लावला की तो जास्तच झालेला असे. पाहुण्याने आणलेला मिठाईचा डबा उघडण्याआधी कानाशी हलवून बघत. लग्नपत्रिका आली की आधी चुका शोधत, मग तारीख बघत. शेजाऱ्याच्या बांधीत धान कसा आहे असं कुणी विचारलं तर म्हणत, "हिरवा हाये." वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत, कारण पहिल्या पानावरची तोंडं त्यांना सकाळी सकाळी बघवत नसत. रस्त्याने जाताना पुढच्या माणसाला ओलांडत नसत. मागून चालत आणि त्याच्या चालीला नावं ठेवत. देवळात हात जोडत, पण पुजाऱ्याकडे पाठ करून. कुणाचं कौतुक करायची वेळ आलीच, तर खोकत.

टिकेश बोपचे हे सगळं चार वर्षं बघत आला होता. त्याने तिरोड्याच्या कॉलेजातून मराठी साहित्य घेऊन बी.ए. केलं होतं, नोकरी नव्हती, आणि संध्याकाळी डोमनलालच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसण्याइतका वेळ होता. वयात चौतीस वर्षांचं अंतर होतं. तरी लोक त्यांना दोस्त म्हणत. डोमनलाल त्याला नावाने हाक मारत नसत.

"ए बीए, सांग बरं, हा ढग पानी देईल का? का तुमच्या पुस्तकात फक्त चंद्रच रायते?"

त्यांची धानाची पाच एकर बांधी चोरखमारा तलावाच्या नहराच्या, कालव्याच्या, अगदी शेपटाला होती. वरच्यांचं भागल्यावर उरलं तर पाणी यायचं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही पाण्याकडे ते आधी संशयाने बघत. बाकी त्यांच्याकडे एक गोष्ट होती, पेटी. वडिलांनी आमगावच्या जत्रेत घेतलेली, सागवानी, सदतीस सुरांची. आत पितळी बिल्ल्यावर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव होतं. दिवाळीनंतर गावात मंडई भरायची आणि त्या रात्री गावची दंडार व्हायची, गाणी, सोंगं, नाच. दंडारीची पेटी तीस वर्षं डोमनलालच वाजवत होते.

आणि तीस वर्षं त्यांच्या शेजारी बुधराम मडावी पावा वाजवत होते. बुधराम नागझिऱ्याच्या अंगाला जंगलाकाठी राहायचे. वन खात्याच्या कामावर जायचे. पावा त्यांच्या वडिलांनी केलेला होता, रानातल्या बांबूचा, हातभर, धुराने काळा झालेला. तालमीच्या दिवशी ते सायकलवरून यायचे आणि सपरीच्या पायरीवर टेकायचे.

"आला का कोल्हा?" डोमनलाल म्हणत.

"आलो."

"आज तरी सुरात फुंक. मागच्या खेपेले म्हशी दूध चोरून राहिल्या."

बुधराम हसत. ते फार बोलत नसत. डोमनलाल त्यांच्या वाटचंही बोलत.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात उंदरांनी पेटीचा भाता खाल्ला. आत ओल शिरली. चार पत्त्यांना भेग पडली. पेटीतला प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक पातळ पत्ती असते. ती थरथरली की आवाज निघतो. आता चार ठिकाणी नुसती हवा निघायची. दंडार मंडळाचा सचिव टेकचंद पारधी याला हे ठीकच वाटलं. त्याचा गोंदियाला मोबाइलचा गाळा होता. तो बैठकीत म्हणाला, "काका, अब छोडो ना. या वर्षी गोंदियाहून कीबोर्डवाला आणू. एका बटनात ढोलक, एका बटनात सनई."

"अन बुधराम?" कुणीतरी विचारलं.

"पावा कीबोर्डशी जमत नाही. बघितलं आम्ही. दोघं दोन दिशेले जातेत. पावा आपल्या पेटीशीच जमते. बुधरामकाका बसतील समोर, पाहुणे म्हणून. शाल देऊ."

बुधराम म्हणाले, "ठीक हाये."

डोमनलालनी पानाची पिंक टाकली. "शाल तुझ्या कीबोर्डले घाल. पेटी मी कलकत्त्याले नेऊन राहिलो."

"नागपूरला काऊन नाही?"

"नागपूरवाले प्लास्टिक ठोकतेत. जिथली हाये तिथं नेतो. बीए येते संगं. त्याले हिंदी येते अन कामधंदा नाही."

असं ते ठरलं. पेटी दुरुस्त झाली नाही तर बुधरामचा पावा त्या वर्षी वाजणार नव्हता, आणि एकदा बंद पडलेला पावा पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. डोमनलाल त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, की पाव्याच्या कटकटीतून सुटलो असतो तर बरं झालं असतं.

गोंदियाहून हावड्याची गाडी पकडली. पेटी गोणपाटात शिवलेली, डोमनलालच्या मांडीवर. रायपूरपर्यंत त्यांनी छत्तीसगडच्या धानाला नावं ठेवली. झारसुगुड्याला चहाला. सकाळी हावडा आलं तेव्हा ते फलाटावर उभे राहून म्हणाले, "एवढे लोक. अन एकाच्याबी अंगावर काम केल्याची खूण नाही."

टिकेशला कलकत्ता बघायचं होतं. या शहराबद्दल त्याने कॉलेजात बरंच वाचलं होतं. जहाजांबरोबर इथे काय काय उतरलं, कुठली वाद्यं, कुठली गाणी, कुठले लोक, ते तो रस्त्याने सांगत होता. डोमनलाल ऐकत नव्हते. पूजेचे मांडव उभे राहत होते; रस्तोरस्ती बांबूंचे सांगाडे. त्यांनी एकाकडे मान वर करून पाहिलं. "बांबू चांगला हाये. वाया घालवून राहिले." ट्राममध्ये बसून म्हणाले, "पायी चाललो असतो तर आतापर्यंत पोचून जेवलो असतो."

वाद्यांच्या दुकानांची गल्ली सापडली. सतार, एसराज, बँडवाल्यांची पितळी भोंगाडी, आणि रांगेने पेट्या. बिल्ल्यावरचं दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली होती. शेजारच्याने आत बोलावलं. तिथला म्हातारा कारागीर जाड भिंगाच्या चष्म्याचा, बनियनवर बसलेला. त्याने गोणपाट उसवलं, पेटी उलटी केली, बिल्ल्याला लावलेलं बोट कपाळाला टेकवलं. "इसका रीड, ये पत्ती, जर्मनी से जहाज में आता था. मेरा बाप उसका बक्सा खोलता था खिदिरपुर में." दोन दिवस लागतील, म्हणाला.

"तोंड उघडलं की बाप निघते," डोमनलाल बाहेर येऊन म्हणाले. "याचं स्वतःचं काही दिसत नाही."

मग टिकेशने त्यांना बंदर दाखवायला नेलं. डोमनलालना वाटलं होतं, बंदर म्हणजे समुद्र. खिदिरपूरला पोचल्यावर त्यांनी चारी बाजूंनी बघितलं. "समुद्र?"

"समुद्र इथून लांब आहे, काका. शंभराच्या वर किलोमीटर. जहाजं नदीतून येतात."

"म्हणजे बंदर हाये, अन समुद्र नाही." ते बराच वेळ हसले. चार बंगाली थांबून बघू लागले. टिकेशने मान वळवली.

पुलाजवळून गोदीचं फाटक दिसत होतं. प्रचंड लोखंडी दार. त्याच्या एका बाजूला पाणी वर, दुसऱ्या बाजूला खाली. एक गंजलेलं जहाज आत यायची वाट बघत होतं. डोमनलाल कठड्याला टेकून उभे राहिले. हसणं थांबलं. त्यांनी फाटकाची उंची डोळ्यांनी मोजली, पाणी कुठून भरतं ते शोधलं, जहाज वर उचललं जाताना पाहिलं. पाऊण तास गेला.

"आपल्या नहराचं गेट," ते शेवटी म्हणाले. "फक्त मोठं. अन एवढ्या पान्यात एक बांधी ओली होत नाही. आपल्या इंजिनिअरनं बांधलं असेल."

संध्याकाळी घाटावर बसले असताना भरती आली. नदीवर तरंगणारी जलपर्णी थबकली, आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने, वर जाऊ लागली. टिकेश उठून उभा राहिला. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. एक नावाडी वल्हं सोडून गात होता. आवाज पाण्यावरून येत होता.

"नदीलेबी आपली दिशा माहीत नाही या गावात," डोमनलाल म्हणाले. "अन याले सर्दी झाली हाये."

टिकेशला त्यांचा वीट आला. तो क्षण त्याला नीट आठवतो. त्याने मनात म्हटलं, या माणसाला समोर काय आहे ते दिसतच नाही. चार वर्षं आपण याच्या ओसरीला बसलो, हा काहीतरी आहे असं समजून. हा एक अडाणी, कुजका म्हातारा आहे. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. कारागिराने चहा मागवला. तो मातीच्या बोटभर कुल्हडात आला. डोमनलालनी कुल्हड तळहातावर ठेवून बघितलं. "हा चहा हाये का तीर्थ?" ते उठले. "मी बाहेर कपभर चहा शोधतो. तू बैस इथं, बापाच्या गोष्टी ऐक."

ते गेले, आणि कारागिराने टिकेशला जवळ बोलावलं. त्याने एक पत्ती चिमट्यात धरली होती.

"ये देखो. चार नया डाला. ठीक है. लेकिन बाकी सब सुर गलत है. सब थोड़ा थोड़ा ऊपर. टोक घिसा हुआ है, देखो. किसने किया?"

टिकेशने बघितलं. पत्तीच्या टोकाला बारीक चरे होते.

"आश्चर्य है," म्हातारा म्हणाला. "बिगाड़ा है, लेकिन सब एक नाप से. एक हाथ का काम. बहुत सबर वाला हाथ." त्याने भिंगातून टिकेशकडे पाहिलं. "इसको ठीक सुर में कर दूँ? या ऐसा ही रखूँ?"

डोमनलाल परत येईपर्यंत थांबा, एवढं म्हणता आलं असतं. टिकेशला वाटलं, यांनीच कानस घेऊन पेटीची वाट लावली असणार. स्वतःचाच चुना बरोबर मानणारा माणूस, जर्मनीचा सूरही त्याला चुकीचाच वाटला असेल. त्याला आतून एक प्रकारचा आनंद झाला. तोही त्याला नीट आठवतो.

"ठीक कर दो," तो म्हणाला. "एकदम सही सुर में."

संध्याकाळी पेटी त्यानेच ताब्यात घेतली. गाडीची वेळ झाली होती आणि डोमनलाल धर्मशाळेत पोट धरून पडले होते, कपभर चहाच्या शोधात कुठेतरी मोहरीच्या तेलातलं काहीतरी खाऊन. पेटी गोणपाटात शिवलेलीच गावात आली.

दसऱ्यानंतर पहिली तालीम. मंडईला तेवीस दिवस होते. दिवेलागणीला सपरीत माणसं जमली. डोमनलालनी गोणपाट उसवलं, नवा भाता ओढून पाहिला, खोकले. मग पहिला सूर धरला. आवाज मोठा आणि गोल निघाला. टेकचंदसुद्धा म्हणाला, "वा काका." डोमनलाल मात्र पट्टीवरचं बोट न काढता तसेच बसले. मान जराशी वाकडी झाली.

"फुंक," ते बुधरामना म्हणाले.

बुधरामनी पावा ओठाला लावला. दोन आवाज एकमेकांना घासले. दाताखाली खडा यावा तसं सगळ्यांना झालं. बुधराम थांबले, पावा पुसला, परत फुंकला. परत तेच. ढोलकीवाला जमिनीकडे बघू लागला.

"घ्या," टेकचंद म्हणाला. "कलकत्त्याले जाऊन पेटीबी कीबोर्ड झाली."

डोमनलालनी टिकेशकडे पाहिलं. "कारागिरानं काही विचारलं होतं?"

"हो."

"कोनाले?"

"मला."

"अन तू का म्हटलं?"

टिकेशने सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त तो आनंद सोडून. त्याला वाटलं होतं, आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. डोमनलालनी भाता बंद केला आणि आकडा लावला.

"तुले विचारलं," ते म्हणाले. "अन तुले तर सगळंच माहीत होतं."

बुधराम डोमनलालना म्हणाले, "मी दुसरा पावा करतो, पाटील. या पेटीले जमेल असा."

"तुले आता आपल्या चपला सापडत नाही, पाव्याची छिद्रं पाडते म्हणे. बांबू वाळायले वर्ष लागते. बैस चुपचाप."

लोक गेल्यावर डोमनलालच्या बायकोने, राजकुमारीबाईंनी, टिकेशला चहा दिला. त्या आतून सगळं ऐकत होत्या. "पावा पेटीसाठी नोता केला रे बाबू," त्या म्हणाल्या. "पावा आधीचा हाये. बुधरामच्या बापाचा. आमचं लगन झालं त्या वर्षी हे दोघं पहिल्यांदा संगं बसले अन जमलंच नाही. पावा तर कापता येत नाही. मंग यानं पेटी खोलली. दीड महिना घासत होता एकेक पत्ती. चार तोडल्या. सासरे बोलणं टाकून बसले होते, नवी पेटी खराब केली म्हणून." त्यांनी आवाज बारीक केला. "बुधरामले त्यानं कधी सांगतलं नाही. त्याले अजून वाटते, आपल्या बापानंच बरोबर पावा केला."

टिकेशने चहा तसाच ठेवला. पावा पेटीशी जमतो, असं सगळं गाव म्हणायचं. पेटी पाव्याशी जमते, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमनलालनी सपरीत चटई टाकली, पेटी उघडी केली, चष्म्याला दोरा बांधला. बुधरामना निरोप गेला. ते सायकलवरून आले, आणि ते दिवस सुरू झाले.

काम असं होतं. बुधराम पाव्यातून एक सूर धरायचे. टिकेश भाता ओढायचा. एवढंच काम त्याच्या वाटेला दिलं होतं. डोमनलाल ऐकायचे, पत्ती काढायचे, टोकावर बारीक कानस फिरवायचे, दोनदा, तीनदा, फुंकर मारायचे, परत बसवायचे, परत ऐकायचे. पत्ती टोकाला घासली की सूर चढतो. पण या पत्त्या आधी टोकाला घासल्या गेल्या होत्या, मग कलकत्त्यात बुडाशी घासून उतरवल्या होत्या. आता तिसऱ्यांदा. पितळ कागदासारखं झालं होतं. एक चुकीचा हात, की तुकडा.

"फुंक."

बुधराम फुंकायचे.

"वर नको जाऊ."

"मी तिथंच हावो, पाटील."

"मंग पावा म्हातारा झाला. तुझ्यासारखा. फुंक."

असं दुपारपर्यंत. एका दिवसात दोन पत्त्या, कधी एकच, एकदा तीन. टिकेशने एकदा विचारलं, "काका, आधी का नाही सांगितलं? मला नाही, निदान त्या कारागिराला."

"का सांगू? की हा रानातला माणूस एका बांबूत फुंकते, म्हणून मी जर्मनीची पेटी बिघडवली?" त्यांनी बुधरामकडे अंगठा केला. "हा ऐकून राहिला हाये. डोक्यावर बसेल. फुंक बे."

बुधराम पाव्याकडे बघत राहिले. मग फुंकायला लागले. त्या दिवशी त्यांना मधेच दोनदा थांबावं लागलं. डोमनलाल म्हणाले, दम लागते तर बिडी सोड. बुधराम बिडी ओढत नसत.

टिकेशची आणि त्यांची मैत्री पूर्ववत झाली असं म्हणता येणार नाही. त्यांनी त्याला बीए म्हणणं सोडलं. नावाने, टिकेश म्हणून हाक मारू लागले. ते त्याला फार लागलं.

मंडईला नऊ दिवस उरले असताना वरून निरोप आला, की शेवटचं पाणी नहरात सोडलं आहे. डोमनलाल पहाटेच बांधीवर गेले. उशिराचा धान होता, हेच पाणी त्याला हवं होतं. दहा वाजता बुधराम आले, पायरीवर टेकले. टिकेश आला, भात्याशी बसला. अकरा वाजले. राजकुमारीबाई म्हणाल्या, जाऊन बघ, कुणाशी तरी भांडत असेल.

डोमनलाल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते, पाय बांधीत सोडून. पाणी आलं होतं. घोट्याच्या वर होतं. टिकेशने लांबूनच हाक मारली, मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, फार वेळ लागला नसेल.

टिकेशला तेव्हा रडू आलं नाही. नंतरही बरेच दिवस आलं नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला चटया देत होता, पाणी देत होता, आणि लोक डोमनलालबद्दल चांगलं चांगलं बोलत होते ते ऐकत होता. त्याला त्यांचा राग येत होता. स्वभाव फटकळ, पण मन निर्मळ. असंच सगळे म्हणत होते. हे ऐकून डोमनलाल काय म्हणाले असते ते त्याला माहीत होतं, आणि म्हणायला ते नव्हते.

मंडई झाली. कीबोर्डवाला आला, एका बटनात ढोलक, एका बटनात सनई. बुधराम पुढच्या रांगेत बसले. टेकचंदने त्यांना शाल दिली. पावा त्यांच्या पिशवीत होता.

तेराव्यानंतर राजकुमारीबाईंनी टिकेशला बोलावलं. चटई त्यांनी उचलली नव्हती, वर धोतर पांघरून ठेवलं होतं. "झाकण लावून दे," म्हणाल्या. "उंदीर येतेत."

त्याने धोतर काढलं. सदतीसपैकी तेवीस पत्त्या पाव्याच्या सुरात होत्या. चौदा कलकत्त्याच्या. चोविसावी बाहेर काढलेली होती, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेली, बाजूला पितळेचा चिमूटभर कीस. शिसपेन्सिलीने टोकाला रेघ मारलेली होती, इथपर्यंत घासायची म्हणून. कानस फिरली होती ती रेघेच्या अर्ध्या वाटेपर्यंत.